फोकस तिचा, बटण माझं

माझा उजवा डोळा धोट्यानं घेतला. गिरणीत कामाला होतो तेव्हाची गोष्ट. शेजारच्या मागावरचा, आडवं सूत नेणारा लाकडी धोटा उडाला आणि सरळ येऊन डोळ्यावर बसला. वरून बघणाऱ्याला अजूनही कळत नाही, बुबुळ जागेवर आहे, पण आत काळोख. गिरणी सुटली आणि पोटासाठी मी फोटोचा धंदा धरला. एका डोळ्याचा माणूस फोटो काढणार म्हटल्यावर गल्लीतले लोक हसले. मी म्हणायचो, फोटो काढताना तुम्हीपण एक डोळा मिटताच की. माझा देवानं आधीच मिटून दिलाय.

मी चौथीपर्यंत शिकलोय. लिहिण्यात चुका असतील. असतील तर असू द्या.

बायको जाऊन आठ महिने झाले. लोक येतात, समोर बसतात, माझ्या तोंडाकडे बघतात. मी रडेन असं त्यांना वाटतं. मला रडू येत नाही. भूक लागते, जेवतो. झोप येते, झोपतो. सून विचारते, बाबा, बरं वाटतंय ना? मी हो म्हणतो. बरं वाटतंय का वाईट, ते मलाच कळत नाही. तिच्या आजारपणातलं मला फारसं आठवत नाही. दवाखान्याचा जिना आठवतो, बास. आठवतं ते लई जुनं. एक कॅमेरा तिच्या हातात द्यायचा होता. तो मी दिला नाही. एवढीच गोष्ट आहे, ती लिहितो.

माझ्याकडे तेव्हा पेटीचा कॅमेरा होता. तो डोळ्याला लावायचा नसतो, गळ्यात अडकवायचा असतो. वरचं झाकण उघडलं की आत दुधी काच दिसते, तिच्यावर समोरचं चित्र पडतं, तेही उलटं. डावीकडचा माणूस उजवीकडे. बाजूला एक चाक असतं. ते फिरवत फिरवत चित्र साफ करायचं. नाक-डोळे, पदराचा काठ, सगळं लख्ख दिसलं की थांबायचं. याला फोकस म्हणतात. इकडे तिकडे केसभर झालं तर फोटोत माणूस धुरातून आल्यासारखा दिसतो, आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

अठ्ठ्याहत्तर सालाच्या आसपास माझा राहिलेला डावा डोळाही धुरकटला. दुधी काचेवर सगळंच दुधी दिसायला लागलं. सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं.

"मोतीबिंदू आहे. पण कच्चा आहे."

"मग काढा की."

"पिकल्याशिवाय काढता येत नाही. वर्ष, दीड वर्ष जाऊ दे. मग या."

तेव्हा तसंच होतं, मोतीबिंदू पिकू द्यायचे. मी बाहेर आलो आणि बायकोला सांगितलं, पिकल्यावर या म्हणाले. ती म्हणाली, "आंबा हाय काय?" आणि आम्ही दोघं सिटी बसच्या थांब्यावर हसलो. पण धंदा दीड वर्ष थांबणारा नव्हता. आणि डोळ्याचं बाहेर कळलं असतं तर उद्यापासून कोणी बोलावलं नसतं. आंधळ्याकडून फोटो कोण काढून घेईल?

पुढचं आपोआप झालं. एका मुलीचा दाखवायचा फोटो काढायला तिचे आईवडील आमच्या घरी आले होते. ओट्यावर चादर टांगली, मुलीला स्टुलावर बसवलं, हातात प्लॅस्टिकचं फूल दिलं. मी चाक फिरवतोय, फिरवतोय. मुलगी हसून हसून दमली. बायको दारात तांदूळ निवडत बसली होती. ती सूप ठेवून उठली, माझ्या शेजारी आली आणि पेटीत डोकावली. चाकावरचा माझा हात तिनं बाजूला केला.

"जरा मागं. अजून जरा. हं."

मी बटण दाबलं. तो फोटो इतका साफ आला की मुलीच्या कानातल्या कुड्यांचे खडे मोजता आले असते. मुलीचं जमलंही पुढे.

तिचे डोळे तसेच होते. तिचा बाप हातमाग चालवायचा. दहा वर्षांची असल्यापासून ती ताण्याचे तुटलेले धागे सांधायची. हजार धाग्यांत कुठला तुटलाय ते तिला लांबून दिसायचं. दुसऱ्याच्या घरी गेली तरी पलंगावरच्या चादरीत चुकलेला धागा हिला आधी दिसणार. आणि ते ती बोलून दाखवायची, त्यामुळे तिला चादर दाखवायला कोणी तयार नसायचं.

त्या दिवसापासून आमची रीत पडली. कॅमेरा माझ्या गळ्यात. ती माझ्या डाव्या बाजूला उभी राहून वरून काचेत बघणार, चाक फिरवणार आणि हळूच "हं" म्हणणार. मी बटण दाबणार. फोकस तिचा, बटण माझं. लग्नात लोकांना वाटायचं, फोटोवाल्यानं मदतीला बायको आणलीय. काय मदत ते कोणाला कळत नव्हतं. उलट बायकांच्या बाजूला मला पूर्वी कोणी शिरू द्यायचे नाहीत, आता ती पुढे आणि मी मागे असे आम्ही थेट आतपर्यंत जायचो. हळद, चुडा, रुखवत, सगळे फोटो मिळायला लागले. बायका हिच्याशी बोलायच्या, हिच्या डोक्यात फूल खोवायच्या. एरवी ही घरातून निघणार ती दळणाला आणि रेशनला. लग्नाच्या दिवशी सकाळपासून गुणगुणायची. ते मला आवडायचं. तिला मी तसं म्हटलं नाही कधी.

मग एका लग्नात नवऱ्याच्या मामानं घोळ केला. तोंडात पान, सगळ्या मांडवाला हसवत फिरणारा माणूस. नवरा-नवरी खुर्च्यांवर बसलेत, आम्ही दोघं कॅमेऱ्यावर डोकी जोडून उभे, तिला फोकस लागत नव्हता. मामा मोठ्यानं म्हणाला,

"ओ फोटोवाले, लग्न कुणाचं हाय? यांचं का तुमचं?"

सगळा मांडव हसला. नवरी हसली. बायकोही पदर तोंडाला लावून हसली.

मामाला चेव आला. "वैनी, सोडा की आता त्यास्नी. घरी गेल्यावर बघा काय बघायचं ते."

पुन्हा हशा. कोणीतरी मागून म्हणालं, बायकोला विचारल्याशिवाय बटण दाबायची परवानगी न्हाई वाटतं. गंमत होती, वाईट कोणी बोललं नाही. पण माझी कानशिलं तापली. परत येताना आम्ही टांग्यात बसलो. ती म्हणाली, "मामा लई वांड होता की." मी म्हणालो, उद्यापासून हे बंद.

दुसरा कॅमेरा तसाही घ्यायचाच होता. पेटीच्या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो निघतात. दुसरे फोटोवाले छोटा कॅमेरा वापरायला लागले होते, त्यात छत्तीस. विजापूर वेशीजवळ एक चाचा जुने कॅमेरे दुरुस्त करायचे आणि विकायचे. माझी पेटी त्यांच्याकडूनच घेतलेली. एका दुपारी आम्ही दोघं गेलो. चाचांना माझ्या डोळ्याचं ठाऊक होतं, त्यांच्यापासून काही लपवलं नव्हतं.

चाचांनी काउंटरवर कापड अंथरलं आणि दोन कॅमेरे ठेवले.

पहिला जड, काळा, कडा घासून पितळ दिसणारा. नुसतं धड म्हणजे बॉडी, भिंग वेगळं लावायचं. डोळ्याला लावून भिंगाची रिंग हातानं फिरवायची आणि फोकस करायचा. दुसरा हलका, नवा, कोणीतरी आखातातून आणलेला जपानी. त्याला पुढं दोन बारक्या खिडक्या होत्या. त्या खिडक्यांतून कॅमेरा स्वतःच बघतो, अंतर स्वतःच ठरवतो, रिंग नाही, चाक नाही. सोलापुरात तसा कॅमेरा तोवर कोणी बघितला नव्हता.

"देखो भाऊ," चाचा म्हणाले, "इसकू आँख होना. इसकू नै होना." पहिल्यावर बोट, मग दुसऱ्यावर. म्हणजे पहिल्याला डोळा लागतो, दुसऱ्याला नाही.

"कुठला चांगला?"

"आँख अच्छी तो ये अच्छा." पुन्हा पहिल्यावर बोट. "भाभी, देखो तो सही."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिनं तो जड कॅमेरा उचलला. कसा धरायचा ते चाचांनी दाखवलं, डावा हात खाली, रिंगवर. तिनं डोळ्याला लावला. आधी रस्त्याकडे फिरवला, मग चाचांकडे.

"अगं बाई."

"क्या हुआ?"

"चाचा, तुमच्या दाढीत धागा अडकलाय. पांढरा."

चाचांनी दाढी झटकली. खरंच कापसाचा धागा निघाला. चाचा इतके हसले की त्यांना खोकला आला. ती मात्र कॅमेरा खाली ठेवीना. रिंग पुढं-मागं करत दुकानातलं सगळं बघत राहिली. घड्याळ, पंखा, समोरच्या हॉटेलातला भज्यांचा झारा. पेटीत उलटं दिसायचं, यात सुलटं दिसत होतं, आणि मोठं. तिचं तोंड मला कॅमेऱ्यामागं दिसत नव्हतं. बोटं दिसत होती. तुटका धागा सांधताना असायची तशी, बिनघाईची.

आता यातली गोम सांगतो. पेटीत दोघांनी बघता यायचं. हा कॅमेरा एकाच माणसाच्या डोळ्याला लागणारा. तो घेतला म्हणजे कॅमेरा तिच्या हातात, फोटो ती काढणार, आणि मी बाजूला फ्लॅश धरून उभा. आपोआप बघणारा घेतला तर मी एकटा पुरे. चाचांना हे कळत होतं, तिला कळत होतं आणि मलाही. तिला तो काळा पाहिजे होता. ती बोलली नाही. आमच्यात बायकांनी अशा वेळी बोलायची पद्धत नव्हती. मी विचारलं असतं तर बोलली असती. मी विचारलं नाही.

मी म्हणालो, "तो नवा द्या."

चाचांनी तिच्याकडे बघितलं. "सोच के बोलो भाऊ."

"द्या."

तिनं काळा कॅमेरा कापडावर ठेवला. ठेवायच्या आधी त्याचं भिंग पदरानं पुसलं. मला वाटलं ती काहीतरी म्हणेल. "चला," एवढंच म्हणाली.

घरी येऊन मी कॅमेरा करून बघितला. तिला दारात उभी केली, बटण दाबलं. आतून टर्र आवाज आला. शेजारच्या म्हातारीला बसवलं, तिचाही काढला. रोल धुतला, कागदावर फोटो काढले. बायको म्हणाली सगळे साफ आलेत. मला धुरकट दिसत होते, पण ती म्हणाली म्हणजे साफच. कधी नव्हे ते मला हलकं वाटलं.

पहिलं लग्न मंद्रूपचं आलं. धान्याचे व्यापारी, घरात कानडी, आमच्याशी मराठी. नवऱ्याचा बाप स्वतः येऊन सांगून गेला होता. निघायच्या दिवशी बायकोनं पिशवी भरली. रोल, कापड, जास्तीचा शर्ट. पिशवी हातात देताना म्हणाली,

"मी येऊ काय?"

"कशाला? हा सोताच बघतोय की."

ती म्हणाली, "व्हय." मी एसटीनं गेलो.

मांडव शाळेच्या पटांगणात होता. "बर्री फोटोवाले, बर्री," या, या म्हणत नवऱ्याच्या बापानं पुढं नेऊन बसवलं, गूळपाणी दिलं. मुहूर्त संध्याकाळचा, आभाळ आलेलं, उजेड कमी. मी रुबाबात फिरलो. पहिल्यांदाच एकटा. बटण दाबायचं, टर्र, पुढं. अंतरपाट धरला, मंगलाष्टका झाल्या, मी बाजूनं उभा राहून काढतच होतो. अंतरपाट खाली झाला, अक्षता पडल्या, नवरा-नवरीनं एकमेकांना हार घातले, ते सगळं घेतलं. छत्तीसच्या छत्तीस. बायका मात्र आत बोलवेनात. दारातून कोणीतरी विचारलं, तुमच्या वैनी आल्या न्हाईत काय?

दुसऱ्या दिवशी मीच रोल धुतला. ते काम डोळ्याचं नसतं, हाताचं आणि घड्याळाचं असतं. अंधारात डबीत गुंडाळायचा, औषध ओतायचं, मोजून थांबायचं, पाण्यानं धुवायचा. बरीच वर्षं मी ते डोळे मिटून करत होतो. रोल वाळायला दोरीवर अडकवला. वाळल्यावर बायकोनं तो खिडकीशी धरला आणि एका टोकापासून बघत गेली. दुसऱ्या टोकाला पोचली, पुन्हा मागं आली.

"काय?"

"अंतरपाटाचे चांगले आलेत."

"आणि?"

"अंतरपाट काढला तितनं पुढं नवराबी न्हाई आणि नवरीबी न्हाई." तिनं रोल पुन्हा डोळ्याजवळ नेला. "म्हंजे हायत, पण भुतावानी. मागं दवाखाना हाय काय हो?"

पटांगणाच्या पलीकडे सरकारी दवाखाना होता. त्याच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाची जाहिरात रंगवलेली. त्रिकोण, आणि शेजारी आई, बाप, दोन पोरं, चौघं हसणारी.

"ती भिंत बघा की कसली आलीय. चारीच्या चारी तोंडं लख्ख. त्या बाईचं कुंकूसुद्धा दिसतंय." तिला हसू फुटलं. "लग्न यांचं, फोटो त्यांचा."

"हसू नको," मी म्हणालो. ती रोल गुंडाळायला लागली.

मी तो रोल घेऊन चाचांकडे गेलो. त्यांनी भिंग लावून बघितला.

"बीच में कोन था?"

"कोणी नाही. एक हिकडं, एक तिकडं."

"मशीन बीच में देखती भाऊ. बीच में कपडा था तो कपडा देखी. कपडा हटा तो पीछे की दीवार देखी. इसकू क्या मालूम शादी किसकी है."

तेव्हा मला कळलं. दारात उभी बायको, स्टुलावर बसलेली म्हातारी, दोघी मधोमध होत्या, म्हणून साफ आल्या. लग्नात दोन माणसं समोरासमोर उभी असतात आणि मध्ये मोकळी जागा असते. प्रत्येक लग्नात असते. पेटीच्या कॅमेऱ्यावर ती असती तर तिनं नवरीच्या नथीवर फोकस धरला असता. हे मला चाचांनी सांगायची गरज नव्हती.

चार दिवसांनी नवऱ्याचा बाप आणि चुलता फोटो बघायला आमच्या घरी आले. आले ते हौसेनं, हातात मुलीकडच्या लोकांनी दिलेल्या करंज्यांचा पुडा. बायकोनं चहा ठेवला. मी फोटो समोर ठेवले. एक बघितला, दुसरा बघितला. बाप माझ्याकडे बघायला लागला.

"हे काय हो?"

मला तीन खऱ्या गोष्टी सांगता आल्या असत्या. कॅमेरा चुकला. मी चुकीचा कॅमेरा घेतला. मला नीट दिसत नाही. तिन्ही खऱ्या, आणि कुठलीही सांगितली तरी ती मंद्रूपपासून बार्शीपर्यंत जाणार होती. असं मी त्या वेळी धरून चाललो. बायको चहाचे कप घेऊन बाहेर आली. आणि माझ्या तोंडातून निघालं,

"रोल हिनं धुतला. औषध जास्त झालं. बिघडला."

ते दोघं तिच्याकडे बघायला लागले. चुलता म्हणाला, "बाई, असं कसं केलं हो? लग्नाचे फोटो ते."

ती ताट धरून उभी होती. मला वाटलं, आता ती बोलेल. बोलली असती तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

"चुकलं," ती म्हणाली.

तिनं चहा त्यांच्या पुढं ठेवला, एकेक कप. बाप चिडला नाही. चिडला असता तर बरं. तो म्हणाला, दोघांना नेसवून पुन्हा उभं करू, तेवढे अक्षतांचे पुन्हा काढा. चुलता त्याच्यावर वसकला,

"अंतरपाट दोनदा धरत्यात व्हय? एकाच नवरा-नवरीला? काय बोलतोस!"

बापानं मान हलवली. बरोबर होतं ते. तसं कोणी करत नाही. अंतरपाट एकदाच. उठताना त्यानं करंज्यांचा पुडा तिथंच ठेवला. दारात वहाणा घालताना चुलता मला हळू आवाजात म्हणाला, "बायकास्नी असल्या कामात घेऊ नका हो." हळू म्हणजे तिला ऐकू जाईल एवढ्या हळू.

ते गेल्यावर तिनं कप उचलले. मी म्हणालो, मी तसं बोलायला नको होतं. ती म्हणाली, "झालं की आता." त्या रात्री नेहमीसारखी भाकरी केली. मी जेवलो.

त्यानंतर तिनं शेजारणीकडून विड्यांचं सूप आणलं. सोलापुरात घरोघर बायका विड्या वळतात, तिनं तोवर वळल्या नव्हत्या. पान कापायचं, तंबाखू घालायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा. आठ दिवसांत तिचा हात बसला. कारखान्यावरनं तिच्या विड्या कधी परत आल्या नाहीत.

मी महिनाभरानं चाचांकडे गेलो आणि तो आपोआपचा कॅमेरा त्यांच्या काउंटरवर ठेवला. काळा अजून तिथंच होता. चाचांनी अदलाबदल करून दिली. फक्त विचारलं, "भाभी के वास्ते?" मी हो म्हणालो.

ती दारात सूप मांडीवर घेऊन बसलेली. मी कॅमेरा तिच्यापुढं धरला.

"हा घे."

"कुटं ठेवू?"

"ठेवायचा न्हाई. तुला आणलाय. आता तू काढायचे फोटो, मी फ्लॅश धरतो."

तिनं हातातली विडी पुरी केली. दोऱ्याचं टोक कात्रीनं तोडलं. मग कॅमेऱ्याकडे बघितलं. हात लावला नाही.

"मंद्रूपचं कोण भेटलं मांडवात तर काय सांगू?"

"काय सांगायचंय?"

"रोल बिघडवणारी बाई हीच काय, म्हनतील."

मी कॅमेरा खाली घेतला.

"तुमी तितं जावा," ती म्हणाली. "त्या लोकास्नी सांगा, हिनं धुतला नव्हता म्हनून. डोळ्याचं सांगू नका. मशीन चुकलं म्हना. एवढंच सांगा. मग मी धरते कॅमेरा. आवडलाय मला तो."

रागात नव्हती. भाजी काय आणायची ते सांगावं तसं सांगितलं.

मी म्हणालो, "जातो."

मंद्रूपला जायला तासभरही लागत नाही. गाड्या दिवसभर असतात. पहिल्या आठवड्यात एका लग्नाचं काम होतं. ते मी त्या काळ्या कॅमेऱ्यानं अंदाजानं केलं, पावलं मोजून, रिंगवरच्या आकड्यांवर बोट ठेवून. निम्मे आले. मग बाजाराच्या दिवशी जावं म्हटलं, सगळे भेटतील. मग वाटलं बाजारात चारचौघांत नको. एकदा स्टँडवर जाऊन गाडीत बसलोही. गाडी सुटायच्या आधी उतरलो. घरी आल्यावर तिनं विचारलं, "गेलता काय?" मी म्हणालो, गाडी चुकली. दोनतीनदा तिनं विचारलं. मग विचारायचं सोडलं.

मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन झालं. जाड भिंगाचा चष्मा आला. पट्टी सुटून चष्मा मिळाल्यावर मी घरी आलो आणि फळीवरून तो कॅमेरा काढला, डोळ्याला लावला, रिंग फिरवली. चष्म्यामुळे डोळा खिडकीपासून लांब राहत होता, पण दिसत होतं. ती आतून आली.

"दिसतंय काय नीट?"

"दिसतंय."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि थोडा वेळ दाराला टेकून माझ्याकडे बघत उभी राहिली. मी कॅमेरा तिच्याकडे वळवला. ती म्हणाली, "माझा नको, रोल फुकट जाईल," आणि आत गेली.

त्या कॅमेऱ्यावर मी पुढं कितीतरी वर्षं लग्नं केली. एकट्यानं. तिनं त्याला हात लावला तो धूळ पुसण्यापुरता. मंद्रूपला मी गेलो नाही. तिच्या हयातीत नाही आणि आता जाऊन उपयोग नाही. सून म्हणते आता कशाला तो विचार. बरोबर आहे तिचं.

मंद्रूपचं बोलणं मात्र पसरलं होतंच. आपल्याकडे पसरतं. त्यामुळे लग्न सांगायला आलेलं माणूस सगळं ठरवून झाल्यावर उठताना एक गोष्ट विचारायचं. हसत विचारायचं, वाईट वाटू नये म्हणून.

"रोल तुम्हीच धुणार ना? बाईंकडं देऊ नका बरं का."

ती आतल्या खोलीत विड्या वळत असायची. मध्ये पडदा होता, दार नव्हतं.

मी म्हणायचो, "मीच धुतो."